फाट्यावरचा हात

पहिल्या दिवशी मी अंगठा दाखवला.
नर्सिंगच्या होस्टेलवर पाहिलेल्या कुठल्याशा पिक्चरमधला,
उभा, ऐटीत, मुठीबाहेर आलेला.
पारोळ्याच्या अलीकडचा फाटा, आत सहा किलोमीटर उपकेंद्र.
केळीचा ट्रक जरा हळू झाला,
ड्रायव्हरनं खिडकीतून मलाच अंगठा दाखवला
आणि हसत धूळ सोडून गेला.

पंक्चरवाले हिलालआप्पा टायरवरून उठलेसुद्धा नाहीत.
म्हणाले, "सिस्टर, हाऊ ठेंगा शे.
आमनाकडे अंगठाना दोनच कामे:
सोसायटीना कागदवर शाई लाईसन टेकाना,
नहीतर समोरनाले दखाडाना.
गाडी कसी थांबी?"

मग त्यांनी हात लांब केला. तळवा खाली.
बोटं सैल, वंगणानं काळी.
हवेला पाठ असावी
तशी तीनदा थोपटली.
काळीपिवळी थांबली.

बावीस वर्षं मी त्या हातावर गेले,
मांडीवर लसींचा डबा, पायाशी कुणाची तरी कोंबडी.
ड्रायव्हरांचे हातही वाचायला शिकले.
बोट जमिनीकडे: इथंच जातोय, पुढं नाही.
मनगट फिरवलं: वळणार.
पाची बोटांची चिमूट: भरलीय, बाई, भरलीय.
एक जण नुसता कपाळाला हात लावून जायचा,
त्याचा अर्थ अजून लागलेला नाही.

हा हात आला कुठून, विचारत राहिले.
आप्पा म्हणत, बैलाच्या पाठीवरून.
गाडी थांबवायची तर आधी बैल थांबला पाहिजे,
तो तळव्याचं ऐकतो, गाडीवान मागाहून.
धुडकू क्लीनर छातीठोक सांगे,
रेल्वेच्या गँगमनकडून, त्याची झेंडी हरवली तेव्हा.
सुपडाबाई दाई ओठाला पदर लावून हसायची:
"तुम्ही कोणाले निजाडंच नही का कधी?"

मला कुणाचंच खोटं पाडता आलं नाही.
सुई टोचल्यावर रडणाऱ्या पोराच्या पाठीवर
माझा हात तसाच पडायचा, तीनदा.
आणि एका शनिवारी बैलबाजारात
बुजलेल्या गोऱ्ह्यापुढं एक माणूस
त्याला न शिवता
नुसत्या हवेला थोपटत होता.
गोऱ्हा थांबला.
रस्त्यानं चाललेली मीही.

आता रस्ता चौपदरी. फाट्यावरून पूल गेला,
वरच्या गाड्यांना खालचा हात दिसत नाही.
माझ्याकडे स्कूटी आहे.
आप्पांकडे दुकान नाही, मोतीबिंदू आहे.
परवा खाटेशी बसून त्यांचं बीपी बघत होते,
पुलावर ट्रक घरघरला
आणि पट्टा बांधलेला हात
आपोआप लांब झाला, तळवा खाली.
मशीननं आकडा दिलाच नाही.
मी पट्टा सैल केला.
म्हटलं, गाडी जाऊ द्या आप्पा,
मग मोजू.