निळा थेंब

बांदियागाराच्या कड्याखाली,
जिथे वेडी बाभूळ कुणी न लावता कुंपण झाली,
यापेमे पहाटे डास पकडते.
तोंडाने.
काचेची नळी, मागे रबर, मध्ये जाळीचा तुकडा.
भिंतीवर बसलेल्याला ती श्वासात ओढते
आणि श्वास अर्ध्यातच थांबवते.
"कधी गिळलास?"
"एकदा. गोड नव्हता."

मी सेगूचा, नदीकाठचा.
डास म्हणजे रक्त, एवढंच मला ठाऊक.
इथे मात्र माझं काम असं:
एकेक काचेवर चिरडायचा,
वर औषधाचा थेंब टाकायचा
आणि बघत बसायचं.
पोटात फुलाचा रस असेल
तर पिवळा थेंब हिरवटतो,
मग निळा होत जातो.
पहिल्या सकाळी बावीसांतले सोळा निळे.
मी पुन्हा मोजले.

म्हणजे संध्याकाळी पाण्यातून उठून
पंख वाळले न वाळले तोच
ही जात आधी आमच्याकडे येत नाही.
अंधारात बाभळीचा तुरा दिसत नसतो.
वास येतो, तोही सलग नाही,
वाऱ्यावर तुटके धागे नुसते.
धागा सुटला की डास आडवा हिंडतो,
सापडला की वाऱ्याला सामोरा चढतो.
सुटला, आडवा.
सापडला, सामोरा.
आणि त्या वासातलं काही काही
आमच्या कातडीतही असतं म्हणे,
फक्त माप वेगळं.

हे यापेमेला सांगितलं
तर तिने तुरा नाकाशी धरला,
मग स्वतःचं मनगट,
मग पुन्हा तुरा.
काही बोलली नाही.
तिचा आतिमे गेल्या पावसाळ्यात तापला होता.
त्यापुढचं ती सांगत नाही,
नळी तोंडात धरते.

गावाने ठरवलं: फुलं उतरवायची.
शेंगा नाहीत, शेंगा शेळ्यांच्या.
लांब आकड्या घेऊन सगळे निघाले,
काटे टोचले, शिव्या झाल्या,
मधवाला दोमो दिवसभर कुणाशी बोलला नाही.
वाटेवर पिवळा भुसा घोटाभर,
त्यावर बिचाऱ्या मधमाश्या.

नवव्या रात्री
भिंतीवर चारच सापडले.
चारही थेंब पिवळे राहिले.
उपाशी, मी वहीत लिहिलं,
मग खोडून 'रस नाही' असं लिहिलं.

चहाचा तिसरा पेला, सगळ्यात गोड,
वर पुदिन्याचं पान.
यापेमे म्हणाली,
"आत्ता माझ्यावर थेंब टाकलास
तर मीही निळी होईन."
हसली. मी तिला हसताना पाहिलं नव्हतं.

तेवढ्यात कंदिलापाशी एक आला.
मिशा पिसांसारख्या, म्हणजे नर,
हा कुणाला चावत नाही, चावूच शकत नाही.
नळी तिच्या मांडीवर होती.
तिथेच राहिली.
तो आडवा हिंडला,
पुन्हा आडवा,
आणि मग पेल्याच्या दिशेने
सरळ.