भाग तेरावा

बुधवारी संध्याकाळी सातला, रास्ता पेठेत,
पॉवर हाऊसच्या मागच्या गल्लीत,
तांबोळींच्या टीव्ही दुरुस्तीच्या दुकानासमोर
आम्ही चौघं स्टुलं ओढून बसतो
आणि गुप्तहेर आगटे पुन्हा जिना चढू लागतात.

"किती पायऱ्या?" कुदळे पहिला चेंडू टाकतात.
"बावीस. पाचव्या भागात तेवीस,
कारण जिना बदलला, तो गणेश पेठेतला."
हे शेषाद्री. जन्म इथलाच, घरी तमिळ,
पण आगट्यांचे संवाद खोकल्यासकट पाठ.

"छत्री कुठल्या हातात?" "डाव्या.
उजवा मोडला होता नटाचा, प्लॅस्टर कोटात लपवलेलं."
"कुणी सांगितलं?"
"नटाच्या धोब्यानं."
आमच्याकडे पुराव्याची उतरंड ठरलेली आहे:
आधी धोबी, मग मेव्हणा,
वर्तमानपत्र सगळ्यात शेवटी.

यास्मिन तांबोळीला फक्त चुका पाठ.
सहाव्या भागात प्रेत श्वास घेतं.
नवव्यात चौकशी रात्री दोनला
आणि भिंतीवरच्या घड्याळात सव्वादहा.
"अब्बांनी काचेवर बोट ठेवून दाखवलं होतं," ती म्हणते,
आणि काउंटरवर, जिथे आता मोबाइलची कव्हरं लटकतात,
तिथे बघते थोडा वेळ.

मफलरच्या रंगावरून आमची दोनदा भांडणं झाली.
कुदळे म्हणतात हिरवा, मी म्हणतो मातकट.
चौघांच्याही घरी तेव्हा कृष्णधवल.

आणि तेरावा भाग.
सगळे संशयित दिवाणखान्यात बसवलेले.
आगट्यांनी चष्मा पुसला, म्हणाले, "खुनी या खोलीतच..."
आणि वीज गेली.
पॉवर हाऊसच्या भिंतीला भिंत लावून राहणाऱ्या
अख्ख्या आळीची वीज!
आली तेव्हा बातम्या सुरू होत्या.
पुढे ती टेप पुसून तिच्यावर
पेरूवरच्या किडीचा कार्यक्रम भरला,
असं धोबी म्हणतो.

तेव्हापासून माझा खुनी डॉक्टर आहे,
कुदळ्यांचा भाचा, शेषाद्रींचा चक्क मेलेलाच माणूस.
यास्मिन दर दिवाळीला बदलते.

परवा कोथरूडहून नीलांबरी गद्रे म्हणून एक बाई आल्या,
जुन्या सेटचा रिमोट शोधत.
उभ्या राहून ऐकलं, मग सहज म्हणाल्या,
"तेरावा? मी पाहिलाय की. आमच्याकडे वीज होती."

कुदळ्यांनी चहा सांगितला.
शेषाद्रींनी विचारलं, साखर कमी की बेताची.
यास्मिननं सहा रिमोट काढून दाखवले,
एकही लागू न पडणारा.
मी स्टूल पुसलं. पुसलेलंच पुन्हा पुसलं.

बाई हुशार. कप अर्धा झाल्यावर म्हणाल्या,
"नाव नाही सांगत. एवढंच सांगते,
शेवटी ते गळ्यातला मफलर काढतात
आणि ज्याला पकडलं, त्याच्याच गळ्यात घालतात.
बाहेर थंडी असते."

रंग कुदळ्यांनीही विचारला नाही.

दुकानाचं शटर पडलं. चौघं चार वाटांनी निघालो.
अपोलो टॉकीजपर्यंत माझा डॉक्टर
माझ्या बरोबरीनं चालत होता, बेड्या सांभाळत.
मफलर शोभत होता त्याला.
मातकट.