खोली मोजताना

तीन, दोन, तीन, डॉक्टर म्हणतात
आणि मी लिहिते.
लाँच हलते, पेन्सिल घसरते,
आकडा चौकटीबाहेर जाऊ द्यायचा नाही
एवढंच माझं काम.

आपियाओ बेटाच्या धक्क्याला दोर बांधून
दर तीन महिन्यांनी आम्ही इथे थांबतो.
एक खुर्ची, एक दिवा,
आणि मिलिमीटरच्या काळ्या रेघा ओढलेली
गवताच्या काडीएवढी सळई.

आज खुर्चीत अर्तेमिओ वेन्चुर, होड्या बांधणारा.
हातांना डांबराचा वास, तोंडाला दुसराच.
बायकोने दंडाला धरून आणलाय.
"सफरचंद चावलं की फोडीवर रक्त.
सकाळी उशीवरसुद्धा.
आणि हा म्हणतो, दुखत नाही ना, मग कशाला?"

तीन, चार, पाच.
सळई हिरडीच्या काठावरून
दाताला चिकटून आत उतरते,
जिथे उतरायला जागाच नको होती तिथे.
सात.
डॉक्टर थांबतात. पुन्हा म्हणतात, सात.
मी सात लिहिते, शेजारी रक्ताचा लाल ठिपका.

माझे वडील खाडीत शिशाचा गोळा सोडून ओरडायचे,
नऊ वाव! सहा वाव! चार!
आकडा उतरला की आम्हा पोरांच्या पोटात गोळा.
इथे उलटं आहे.
इथे आकडा चढला की भीती.

"दात लांब झालेत असं वाटतं ना?
ते वाढले नाहीत. किनारा मागे सरलाय.
खाली कीटण साचलंय, त्याच्या आडोशाने जंतू राहतात,
आणि हाड हळूहळू झिजतंय."
अर्तेमिओ चूळ भरतो, गुलाबी थुंकतो,
बराच वेळ भांड्यात बघत राहतो.

"होडीचंही असंच," तो म्हणतो.
"फळ्यांच्या सांध्यात कुजलेलं भरण राहिलं
तर वरून कितीही रंग द्या."
"तिला तरी दुखतं का?"
"छे. ती बुडते."

मग सुई, मग अर्धं तोंड बधिर.
शिंपले खरवडल्यासारखा आवाज तासभर.
उरलेलं अर्धं उद्या, ओहोटीच्या आधी.
खालचा एक दात बोटानेच डुलत होता,
तो काढावा लागला.
त्याने तो पुसून शर्टाच्या खिशात ठेवला.

ब्रश मऊ घ्या, हिरडीकडे तिरपा धरा.
दातांच्या फटीतून ही बारकी कुंचली, रोज रात्री.
तंबाखू सोडा. रक्तातली साखर तपासून घ्या,
नर्स बाहेरच बसलीय.
तो मान हलवतो; तंबाखूला जरा कमी हलते.

"आता तुम्ही बसा," डॉक्टर त्याच्या बायकोला म्हणतात.
"मी? मला काय झालंय?"
रोसाल्बा हसते, तेही तोंडावर हात धरून.
"घासताना रक्त येतं ते सगळ्यांचंच येतं ना?
थोरल्याच्या वेळी दिवस गेले होते,
तेव्हापासून येतं."
थोरला आता सव्वीस वर्षांचा आहे.
पाच, चार, पाच, सहा.
कुणी काही बोलत नाही. मी लिहिते.

तीन महिन्यांनी पुन्हा तोच धक्का, वारा जास्त.
अर्तेमिओची सातची जागा चारवर आलीय.
गेलेलं हाड परत येणार नाही, त्याला माहीत आहे,
पण हिरडी आता दाताला धरून बसलीय,
नव्याने भरलेल्या सांध्यासारखी.
कुंचली म्हणे त्याने कारखान्यात खिळ्याला टांगलीय,
सांधे भरायच्या छिन्नीशेजारी.
तंबाखूचं विचारलं तर समुद्राकडे बघतो.

रोसाल्बा या वेळी हात न धरता हसते.
तीन, दोन, चार, तीन.
तिच्या कागदावर लाल ठिपके अजून नऊ आहेत.
मागच्या वेळी एकेचाळीस होते.
मोजायला मला कुणी सांगितलं नव्हतं.