बावीस कागद

विषयाचं नाव नवमाध्यमं
आणि अभिप्राय मात्र कागदावर, पेनानं.
एंदेल सरांचा हट्ट.
बोटांना खोटं बोलायला जरा जास्त वेळ लागतो, म्हणतात.
मग ते कागद माझ्या टेबलावर येतात.
मी टाइप करते, म्हणजे अक्षर पुसलं जातं,
कोण बोललं ते कळत नाही.
विद्यापीठाच्या नियमात याला गोपनीयता म्हणतात.
माझ्या दहा बोटांचा तिथं उल्लेख नाही.

जानेवारी. चारलाच अंधार.
तार्तूची नदी गोठलीय,
पुलावरून पोरं सायकली हातानं ढकलत नेतायत.
खिडकीखालचा रेडिएटर खोकतो,
मी पहिला कागद ओढते.

"सहा आठवडे शिकलो
यंत्रं आपल्यावर पाळत कशी ठेवतात.
हजेरी रोज ॲपवर."
खाली एक हसरा चेहरा, दात विचकलेला.
ही त्रीनू. तिच्या टिंबांनी कागदाला भोकं पडतात.
दात टाइप करता येत नाहीत, सोडून देते.

"वीज गेली तो तास सगळ्यात चांगला."
हे सात जणांनी लिहिलंय, एकमेकांना न विचारता.
त्या दिवशी मी टॉर्च द्यायला गेले होते
आणि परत यायचं विसरले.
सर टेबलावर बसून सांगत होते,
बाप कोठारात रेडिओ कसा उघडायचा,
समुद्रापलीकडचा आवाज खरखरीतून कसा वर यायचा,
आणि बाप हातानंच खुणावायचा: श्वास घेऊ नका.
पडदा काळा होता.
तरी सगळे तिकडेच बघत होते.

प्रश्न पाच: पुढे या विषयाचा उपयोग होईल का?
आमच्या भाषेला भविष्यकाळ नाही,
म्हणून छापलंय: पुढे उपयोग होतो का?
कुणीतरी उत्तर दिलंय,
"पोचलो की कळवतो."

मग सतरावा.
अक्षर जरा जास्तच जपून काढलेलं,
आधी दुसरी लिपी गिरवलेल्या हाताचं.
नार्वाहून आलेला वर्गात एकच, रोदियोन.
तीन शब्द लिहिलेत. सर, नाही, आणि एक क्रियापद.
क्रियापदाच्या शेवटच्या स्वरावर शाई फुटलीय.
ए असेल तर: सरांना ऐकू येत नाही.
आ असेल तर: सर ऐकत नाहीत.
एवढ्याशा डागात
एक माणूस म्हातारा तरी होतो, नाहीतर उर्मट.

दिव्याखाली धरला. पाठीमागून पाहिला.
त्याचे बाकीचे स्वर ताडून पाहिले,
तर त्याचा प्रत्येक ए, आ व्हायच्या बेतात.
विचारावं, तर गोपनीयता गेली.
आणि त्याचीच चूक असेल तर?
परक्या भाषेत माणूस कधी कधी
म्हणायचं असतं त्याच्या शेजारचं म्हणून बसतो.

सर वर्षभर फोन उचलत नाहीत, मेल करा म्हणतात.
प्रश्न आला की मान डोलवतात
आणि भलत्याच प्रश्नाचं फार सुंदर उत्तर देतात.
विभागात म्हणतात, घमेंड चढलीय.
मीही म्हटलंय. चहाच्या वेळी, बिस्किट बुडवताना.

उठले.
कॉरिडॉरच्या टोकाला त्यांचं दार, अर्धवट उघडं.
पाठमोरे बसलेले, स्वेटरचं लेबल बाहेर आलेलं.
दारावर टकटक केलं.
पुन्हा केलं.
तिसऱ्यांदा मुठीनं.
शेजारच्या खोलीतून कुणीतरी म्हणालं, "या!"

परत येऊन बसले.
ए दाबला.

पुढचा प्रश्न: वर्ग पुरेसा उबदार होता का?
बावीसपैकी एकोणीस,
नाही.