मानस

आडपईच्या खाजनात मानशीला दोन दारं आहेत,
माट्टीच्या लाकडाची, पाण्याच्याच रंगाची झालेली.
सुकतीला आपसूक उघडतात.
भरतीला नदीच त्यांना लोटून बंद करते.
आत यायची घाई जितकी, तितकं दार घट्ट.

तेहतीस वर्षं मी मडगावात घटना शिकवली,
हे वाक्य वर्गात कधी सुचलं नाही.

काल रिचमंडहून शर्वाणीचा फोन.
"बाबा, दहावी दुरुस्ती. एकच वाक्य,
आणि त्यावर बारा हजार शब्द लिहायचेत मला."
मला पाठ होतं:
जे केंद्राला दिलं नाही, राज्यांना नाकारलं नाही,
ते राज्यांचं राहील,
किंवा लोकांचं.

म्हटलं, लिही, की अधिकार मोजून दिले होते,
कुडवाने भात मोजावं तसे, वर रास न करता.
मग एका शब्दाला भोक पडलं. व्यापार.
ओहायोत कुणी घरच्या कोंबड्यांसाठी गहू जास्त पेरला,
पोतं फाटकाबाहेर गेलं नाही,
तरी वॉशिंग्टन म्हणालं, न विकलेला गहूसुद्धा बाजार हलवतो.
लाकूड पोखरणारा किडा असाच.
तोंड टाचणीएवढं, आत सगळी फळी पोकळ.

ती अधिकार परत मागणाऱ्यांच्या बाजूने लिहिते आहे.
मीही त्याच बाजूचा. अजून, बहुतेक.

कारण आमची एक फळी कुजली आहे.
अर्ज फोंड्याला गेला, फोंड्याहून पणजीला,
पणजीने विचारलं, नदी कुणाची?
झुवारी आता राष्ट्रीय जलमार्ग, क्रमांक एकशे अकरा,
म्हणजे दिल्लीला विचारायला हवं.
दीड हात लाकूड!

शाणू गावडे हे सगळं ऐकत होता.
मानशीची राखण त्याच्या घराण्याकडे,
कागद नव्हते तेव्हापासून.
मी म्हणालो, पूर्वी गावकरी ठरवायची हे,
बांद कुणी बांधायचा, जाळं कुणी लावायचं, दंड किती.
वर राजे बदलायचे, खाली पाण्याची पाळी तीच.
सगळे अधिकार गावात परत यायला हवेत.

"कोणाक, मास्तर?"
जाळ्यातली कोळंबी झटकत त्याने विचारलं.
"तुमच्या आज्याक जोण मेळटाली.
म्हज्या आज्याक चिखल."

माझ्या टिपणांच्या वहीतलं एक पान
मी दर वर्षी घाईत उलटायचो.
राज्यांचा हक्क म्हणत ज्यांनी माणसं लिलावात उभी केली,
आणि शंभर वर्षांनी तोच हक्क
शाळेच्या दाराला अडसर लावून,
दप्तर घेतलेल्या मुलीला घरी पाठवत उभा.
शर्वाणी राहते त्या शहरात तो बाजार भरायचा.
अडसर काढायला तेव्हा
दुरूनच कुणीतरी यावं लागलं.

किंवा लोकांचं.
स्वल्पविरामानंतरचे दोन शब्द.
त्यांच्यावर मी परीक्षेत कधी प्रश्न काढला नाही,
उत्तर मलाच येत नव्हतं.

अमावास्येची भरती, रात्री साडेबारा.
परवानगी आली नव्हती.
शाणूने आपल्या गोठ्याची फळी उचकटून आणली.
मी बॅटरी धरली, इतकंच. खिळे त्याच्या तोंडात.
पाणी चढलं. दार हललं, कुरकुरलं, बसलं.
एका फटीतून बारीक धार येतच राहिली.

"गळतंय अजून," मी म्हटलं.
"गळूं दी. कोरगुटाक थोडें खारें जाय."
आणि हातोडा धुऊन तो घरी गेला.

खिशात फोन थरथरला.
तिथे दुपारचे तीन असतील.
बाबा, शेवट कसा करू?

बोटांना चिखल होता.
मी बांदावर बसून राहिलो,
बॅटरीच्या उजेडात ती धार बघत,
किती आली तर फार,
कुणी सांगायचं.