पायरी

दुर्भाटच्या खाजणात पाणी कसं शिरतं
याचं विकलक समीकरण मी तीन ओळींत मांडलं.
यंत्राला वाहतं काही कळत नाही,
त्याला पायऱ्या लागतात.

पायरी दहा मिनिटांची धरली:
चौथ्या भरतीला झुआरी
डोंगराहून उंच गेली,
मग उणे, मग आकडाच नाही.

सेकंदाची केली.
पहाट झाली, पडद्यावर अजून
कालची दुपार;
आणि सोळाव्या दशांशापुढचं जे टाकत आलो
ते थेंब थेंब साचून
बांधाला लागलेलं.

मानशीवरचा खुशाली म्हणाला,
पाणी रेंगाळतं तेव्हा मी जेवून घेतो.
ओढ लागली
की दारावरचा हात काढत नाही.

घरी येऊन पायरी
त्याच्या जेवणाएवढी सैल केली.

झुआरी आता पात्रात आहे.
किती खरी,
ते अजून विचारलेलं नाही.