रकाना क्रमांक अकरा

निवृत्तीच्या फॉर्मात अकरावा रकाना आहे:
आवड / छंद. दोन ओळी सोडल्यात.
बाकी सगळं भरून झालं, जन्मतारीख, रक्तगट,
वारसाचं नाव, बँकेची शाखा दांडिया बाजार.
अकरावर पेन तीन दिवस अडलंय.

एकोणनव्वदच्या जुलैत, एकाच आठवड्यात
दोन पाकिटं आली होती.
एक कमाटीबागेतल्या तारांगणाचं:
निवेदक, हंगामी, महिना आठशे पन्नास.
दुसरं खत कारखान्याचं: दोन हजार एकशे दहा,
जायला-यायला बस, कँटीनमध्ये स्वस्तात जेवण.

मला कुणी ढकललं नाही, हे लिहून ठेवतो.
बाबा त्या दिवशी पंख्याला तेल देत होते,
स्टुलावरून खाली न बघता म्हणाले, 'तुझं तू बघ.'
आणि मी बघितलं. वजाबाकी मला चांगली येते.
कृत्तिकांमधले सहा तारे गच्चीवरून सहज दिसायचे,
सातव्यासाठी हट्ट धरावा लागायचा.
पण बाराशे साठ रुपयांचा फरक
चष्म्याशिवायही दिसत होता.

पहिल्या पगाराची रात्र मला आवडली होती.
हेही लिहून ठेवतो, कारण पुढे लोकांना सांगताना
मी ती गाळत आलो.
नोटा कोऱ्या होत्या. आईला म्हटलं, मोज.
तिनं दोनदा मोजल्या, आणि तिसऱ्यांदा उगाच.

मग छत्तीस वर्षं अमोनिया.
शर्टाला, डब्याला,
मुलीच्या वह्यांना घातलेल्या कव्हरांनाही.
वाघोडिया रोडला तीन खोल्या, तिची फी,
आईचा गुडघा बदलला कुणापुढे हात न पसरता.
याला नावं ठेवायला जीभ उचलत नाही.

तरी महिन्यातून एक रविवार
बागेत जाऊन तिकीट काढायचो.
सहावी रांग, कडेची खुर्ची.
दिवे मंदावायचे आणि एका बाईंचा आवाज यायचा:
'आंखने अंधारानी टेव पडवा दो.'
डोळ्यांना अंधाराची टेव पडू द्या.
मग घुमटभर माझी नोकरी उगवायची.

यादीतलं दुसरं नाव. हेमलता दिघे.
त्या आवाजाचा किती वर्षं हेवा केला
आणि त्याच्यावर किती वर्षं काढली,
हिशेब वेगळा करता येत नाही.

गेल्या दिवाळीनंतर तिला गाठलं, शेव-उसळीच्या गाडीवर.
म्हटलं, तुमची जागा आधी मला आली होती.
ती पाव मोडता मोडता थांबली. मग हसली.
'घरापासून चालत दहा मिनिटं, म्हणून घेतली हो.
ताऱ्यांचं मला कधीच काही नव्हतं. मान दुखते.
तुमच्याच कारखान्यात टायपिंगची परीक्षा दिली होती,
दोन शब्दांनी गेली.'
तर्री जास्तीची मागून घेतली तिनं.
'बोलते मात्र नीट. समोर पोरं बसलेली असतात.'

त्या रात्री झोप लागेना.
आठवत राहिला आमचा दोन नंबरचा कॉम्प्रेसर.
रात्रपाळीत त्याचा सूर तीळभर चढला
तर मला आधी कळायचं, मीटरला नंतर.
नवी पोरं हाताला धरून न्यायची, काका, ऐका जरा.
मी डोळे मिटून उभा राहायचो, लोखंडाला तळवा लावून,
आणि आसपासचं सगळं थांबायचं.
याला मी कधी काही म्हटलंच नाही.
त्याचा पगार मिळत होता ना.

आज ऑफिसातला नवा कारकून, पारीख, फॉर्म घ्यायला आला.
अकरावा कोरा बघून म्हणाला, 'काका, आ खाली न चाले.
सिस्टिम घेत नाही.'
माझ्या हातातलं पेन घेऊन त्यानंच भरलं:
वाचन, प्रवास.
सगळ्यांचं तेच लिहितो, म्हणाला.
अक्षर सुरेख होतं.
मी सही केली.